डायनामोची शिट्टी

आमच्या घरात पंखा लागला की पहिले वडील उठत. खुंटीवरचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, काढत, त्याचं टोक मोटरवर टेकवत, लाकडी मूठ उजव्या कानाला लावत आणि डोळे मिटत. तोवर घरात कुणी बोलायचं नाही. मग पेचकस खुंटीला लटकवत म्हणत, "नॉर्मल." त्यानंतरच त्या पंख्याखाली बसायची परवानगी मिळे. उन्हाळा लागला की कूलरची मोटर, कूलरचा पंप, कुणी बोलावलं तर शेजारच्यांचाही कूलर, सगळ्यांची अशी तपासणी व्हायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असं करत असतील. मोठी झाल्यावर समजलं की या सवयीमागे एक मेलेला माणूस आहे.

वडील एका दालमिलमध्ये मिस्त्री होते. दालमिल म्हणजे पिवळी धूळ, फडफडणारे पट्टे आणि दिवसभर आवाज. त्या गदारोळातही बेअरिंगला पेचकस लावून कोणतं मशीन आजारी आहे ते वडील सांगायचे. दुसऱ्या मिलमधूनसुद्धा लोक त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन जायचे. वडिलांना त्याचा अभिमान होता आणि खरं सांगायचं तर आम्हालाही होता. घरात दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतंच.

त्याच मिलमध्ये मशीनला तेल-ग्रीस द्यायला वडिलांच्याच वयाचा एक माणूस होता. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत राहायचा. आमच्याकडे आला की आईला म्हणायचा, "वहिनी, चहा कडक टाका, तुमच्या मिस्त्रीनं डोकं खाल्लं." दोघांची जिगरी दोस्ती होती.

मी सहावीत असताना एका संध्याकाळी, पाळी संपताना, त्याने वडिलांना गाठलं. म्हणाला, मोठ्या ब्लोअरमधून बारीक शिट्टी येऊन राहिली. वडिलांनी पेचकस लावला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "काही नाही गा. तुले भास होऊन राहिला." आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, आवाज नॉर्मल. दुसऱ्या दिवशी दुपारी ब्लोअरचं बेअरिंग जाम झालं, पंख्याचं पातं तुटलं आणि पत्रा फाडून बाहेर आलं. तो शेजारीच उभा होता. जागच्या जागी गेला.

चौकशी झाली तेव्हा मालकाच्या माणसाने वडिलांना एकच विचारलं, आदल्या दिवशी आवाज होता का? वडिलांनी सांगितलं, नव्हता. त्यांना आला नव्हता, त्यांनी तेच सांगितलं. मग हिशेब सोपा झाला. आदल्या दिवशी बेअरिंग ठीक होतं, म्हणजे नंतर ग्रीस पडलं नाही, म्हणजे चूक ग्रीस देणाऱ्याची. मेलेला माणूस काय बोलणार? आमच्या ओट्यावर मिलची चार माणसं बसून म्हणाली, "मिस्त्रीचा कान खोटं बोलत नाही." त्यांना चहा मीच नेऊन दिला होता आणि ते वाक्य ऐकून माझी मान ताठ झाली होती. आज ती आठवण नकोशी वाटते.

त्यानंतर वडील महालातल्या त्या गल्लीच्या तोंडावरूनही गेले नाहीत. मोठा वळसा घालायचे. कधी जेवताना हात थांबायचा आणि म्हणायचे, "त्याले भास झाला होता. पण भास खरा कसा काय झाला वं?" आई ताटात भाजी वाढायची आणि विषय बदलायची. हा प्रश्न आमच्या घरात पंधरा वर्षं राहिला. कुणी त्याला बाहेर काढलं नाही.

तोवर माझं लग्न झालं होतं. मी एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. नवऱ्याने हौसेने एक जुनी, तिसऱ्या हाताची गाडी घेतली आणि सहा महिन्यांत त्याची बदली झाली. तो गेला, गाडी माझ्या गळ्यात पडली. मी ती घेऊन नंदनवनला आईवडिलांकडे राहायला आले. घरासमोर मोकळी जागा होती, गाडी तिथे उभी करायची.

गाडीत रेडिओ होता, टेप नव्हता. नवऱ्याच्या मित्राने आखातातून हाताच्या पंजाएवढा टेप आणून दिला होता, कानात लावून ऐकायचा. नवऱ्याने जाताजाता एक वायर रेडिओच्या मागे जोडून दिली, म्हणजे टेपमधलं गाणं गाडीच्या स्पीकरमधून येईल. सेल सारखे संपायचे म्हणून टेपला करंटही गाडीच्याच बॅटरीतून दिला. आणि एवढा पराक्रम करून तो निघून गेला. चाललं की नाही हे पाहायचीही गरज त्याला वाटली नाही.

चाललं, पण कसं? गाडी बंद असताना गाणं स्वच्छ. इंजिन सुरू केलं की गाण्याच्या अंगावर खरखर, टकटक, फटफट. आणि त्या सगळ्याच्या वर एक बारीक शिट्टी. रेस दिली की शिट्टी चढायची, सोडली की उतरायची. आई मागे बसली होती. म्हणाली, "बाप्पा, हे काय घरात घेऊन आली तू? बंद कर ते." मी दोन गॅरेजांत विचारलं. एकाने रेडिओ बदला म्हटलं, दुसऱ्याने गाडीच बदला म्हटलं. उंटावरचे शहाणे सगळे. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मी पोरांना वीज शिकवते, हे मीच दुरुस्त करणार.

वडील रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांना आयतंच काम मिळालं. रविवारी सकाळी त्यांनी गाडीसमोर खुर्ची टाकली, पेचकस आणला आणि मला म्हणाले, "पहिले रोग कुठं आहे ते पाहा. मंग औषध."

ते बरोबर होते. आम्ही एक एक गोष्ट बाजूला करत गेलो. कॅसेट काढली, तरी आवाज येतच होता, म्हणजे दोष कॅसेटचा नाही. इंजिन बंद केलं, आवाज बंद, म्हणजे इंजिनचाच. टकटक इंजिनच्या ठोक्याबरोबर येत होती, म्हणजे प्लगच्या ठिणगीची. वडिलांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, पेचकसने इथे ठोक तिथे टेकव केलं आणि पाच मिनिटांत कॉईलचा अर्थिंगचा नट ढिला आहे हे शोधून काढलं. नट आवळला, कॉईलला एक छोटा कंडेन्सर लावला आणि ती खरखर, टकटक पार गेली. "पाह्यलं?" ते आईला म्हणाले. आईने पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "पाह्यलं. आता जेवाले चला." कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा असा फुललेला मी पाहत होते.

उरली शिट्टी. ती डायनामोची होती, हे मला कळत होतं. डायनामो बॅटरी भरतो, आणि टेप त्याच बॅटरीवर चालत असल्यामुळे डायनामोचं ओरडणं वायरीतून सरळ स्पीकरमध्ये येत होतं. उपाय साधा, डायनामोवर एक मोठा कंडेन्सर. सोमवारी कॉलेजमधून येताना मी तो सीताबर्डीच्या बाजारातून आणला. कायमचा बसवण्याआधी चिमट्याने लावून पाहायचा बेत होता.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी वडील पुढच्या सीटवर बसले, दार उघडं ठेवलं. इंजिन सुरू, आवाज पूर्ण मोठा, कॅसेट नाही. नुसती शिट्टी, दात शिवशिवतील अशी. मी बॉनेटजवळ गेले. पर्समधून कंडेन्सर काढते आहे तोच गाडीतून वडील ओरडले, "गेला!"

मला हसू आलं. म्हटलं, "बाबा, अजून लावला कुठं मी?"

"मंग आपोआप गेला असंल. साफ आहे."

शिट्टी तर माझ्या डोक्यात शिरत होती. मला वाटलं, थट्टा करून राहिले. कंडेन्सर लावला, शिट्टी थांबली. "आता?" "साफ." काढला, शिट्टी पुन्हा सुरू. "आता?" "साफ म्हटलं ना."

इथे मी थांबायला हवं होतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. प्रयोगशाळेत मी पोरांना शिकवायचे की पाहणाऱ्याला आधी कळू द्यायचं नाही, म्हणजे निकाल खरा येतो. मी बॉनेटच्या आड हात लपवला. कधी लावला, कधी काढला, कधी नुसतंच खुडबुडल्यासारखं केलं, आणि दर वेळी विचारलं, "आता?" दर वेळी उत्तर आलं, साफ. मी मोजत होते. मला मजा वाटत होती.

मग ओट्यावर गहू निवडत बसलेली आई वैतागून ओरडली, "अहो, साफ काय? एवढी शिट्टी वाजून राहिली तुमच्या तोंडासमोर! इथं माह्या कानाचे पडदे फाटले."

वडिलांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बॉनेटच्या बाजूला उभी होते, हातात कंडेन्सर, चिमटा मोकळा लोंबतो आहे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ठाऊक नाही. त्यांनी ते वाचलं. हाताच्या काकणाला आरसा कशाला? त्या क्षणी आम्हा तिघांना एकदमच मिलमधली ती संध्याकाळ आठवली.

ते गाडीतून उतरले. पेचकस डायनामोवर टेकवला, मूठ उजव्या कानाला लावली. "रेस दे," म्हणाले. मी दिली. शिट्टी चढली. "अजून दे." मी अजून दिली. त्यांनी मूठ डाव्या कानाला लावली. डोळे इतके घट्ट मिटले की कपाळाला आठ्या पडल्या. "घरघर येऊन राहिली," ते म्हणाले. "शिट्टी?"

"येते आहे, बाबा."

"बारीक आहे?"

"खूप बारीक. पण खूप मोठी."

त्यांनी इंजिन बंद करायची खूण केली. मग सगळं शांत झालं आणि त्या शांततेत माझ्या कानात ती शिट्टी वाजतच राहिली. वडील खुर्चीत बसले. पेचकस मांडीवर ठेवून त्याच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. तीस वर्षं त्या मिलच्या आवाजात काढली होती. बारीक आवाज कानातून कधी गळून गेले ते त्यांना कसं कळणार? जे ऐकूच येत नाही ते गेलं हे माणसाला कोण सांगणार? बोलणं ऐकू येई, घरघर ऐकू येई, त्यामुळे कान शाबूत आहे असंच ते समजत होते. आणि आम्ही सगळे पंधरा वर्षं तोंडावर बोट ठेवून त्यांच्या "नॉर्मल"ची वाट पाहत होतो.

त्या दिवसापासून त्यांनी खुंटीवरच्या पेचकसला हात लावला नाही. कूलर सुरू झाला तरी ते उठले नाहीत. मी कंडेन्सर बसवला नाही. तो गाडीच्या खणात पडून राहिला. मला कितीदा वाटलं, बसवून टाकावा आणि हा विषय मिटवावा. पण शिट्टी बंद केली असती तर त्या मेलेल्या माणसाचं तोंड आपण पुन्हा दाबतो आहोत, असं काहीतरी मनात यायचं.

पुढच्या रविवारी वडील धुतलेला सदरा घालून बाहेर आले. म्हणाले, "महालात जायचं आहे."

कुणाकडे ते विचारायची गरज नव्हती. आई दारात आडवी आली. "आता काहून? पंधरा वर्ष झाले त्या गोष्टीले. त्या बाईच्या जखमेवरची खपली कायले काढता?"

"आताच समजलं ना वं मले," वडील म्हणाले. आई बाजूला झाली.

रस्ताभर मी गाणं लावलं नव्हतं, तरी त्यांनी रेडिओचं बटण फिरवून ठेवायला लावलं. शिट्टी सोबत होती. प्रत्येक चौकात, गाडीचा वेग बदलला की विचारायचे, "येऊन राहिला?" मी म्हणायचे, "हो, बाबा." मला रडायला येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा, ते मला सांगता आलं नसतं.

गल्लीत गाडी जात नाही. तोंडाशी लावली आणि चालत गेलो. त्या माणसाची बायको दारातच साडीला फॉल लावत बसली होती. केस पांढरे झालेले, चष्मा दोऱ्याने बांधलेला. तिने वडिलांना लगेच ओळखलं. सुई साडीत खोचली, उठून आत गेली आणि चटई टाकली. "बसा, भाऊजी," म्हणाली. पंधरा वर्षं काहून आले नाही, असं विचारलं नाही. ते विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

वडील बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "वहिनी, त्याले आवाज येत होता. भास नव्हता. माह्याच कानात नव्हता. मी रजिस्टरमधी नॉर्मल लिहिलं, चौकशीत तेच सांगतलं आणि सगळं त्याच्यावर गेलं. माह्यामुळं गेलं."

तिने चष्म्याचा दोरा बोटाला गुंडाळला. मग माझ्याकडे पाहून, जसं काही मलाच सांगते आहे तसं बोलू लागली.

"त्या संध्याकाळी हे घरी आले तं कान धरून बसले. म्हणे, मले शिट्टी येऊन राहिली आणि मिस्त्री म्हणते आवाज नाही. मिस्त्रीले नाही आला म्हणजे नाहीच. माह्याच कानात बिघाड असंल. मले म्हणे, तेल टाक. मी लसूण घालून तेल गरम केलं, दोन्ही कानात टाकलं, वरून कापूस लावला. सकाळी तसेच गेले, कापूस लावून. मी म्हटलं नाही, की काढून जा." तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "पंधरा वर्ष मले वाटून राहिलं, भाऊजी, की माह्या कापसानंच घात केला. कापूस नसता तं ह्यायले ऐकू आलं असतं, बाजूले सरले असते."

वडील मटकन चटईवर बसले. दोस्ताने यांच्या कानावर एवढा विश्वास ठेवला होता की स्वतःच्या कानात तेल घालून घेतलं. हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांचा खांदा धरला.

"मंग ह्यायचा कान बरोबर होता?" तिने विचारलं.

"बरोबर होता, वहिनी. माह्यापेक्षा बरोबर होता."

तिने डोळे पुसले, नाक ओढलं. मग एकदम विचारलं, "कसा होता तो आवाज?"

वडील माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "माझ्यासोबत येता का? गल्लीच्या तोंडाशी गाडी आहे."

तिने पदर डोक्यावर घेतला, दाराला कडी लावली आणि आमच्या मागे आली. मी तिला पुढच्या सीटवर बसवलं. वडील बाहेर, तिच्या खिडकीशी उभे राहिले. मी गाडी सुरू केली आणि आवाज मोठा केला. हळूहळू रेस दिली. शिट्टी निघाली, बारीक, चढत चढत. शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याने वळून पाहिलं. ती ताठ बसली होती. तिने डोळे मिटले, अगदी वडील मिटायचे तसे.

"हाच?" ती म्हणाली.

"असाच असेल," मी म्हटलं. याहून जास्त मला खरं सांगता आलं नसतं.

वडील खिडकीत वाकले. त्यांचा कान तिच्या खांद्याजवळ, स्पीकरपासून हातभर अंतरावर होता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"येऊन राहिला का, वहिनी?" त्यांनी विचारलं.

"हाव, भाऊजी," ती डोळे न उघडता म्हणाली. "येऊन राहिला."

ती "बस" म्हणेपर्यंत मी रेस सोडली नाही.